उंबरखिंड बेडच्या बॉक्समध्ये

आधी मुंग्यांचं सांगतो. टेबलटॉप वॉरगेमिंगसाठी घरच्या घरी जमीन बनवणारे जे परदेशातले लोक आहेत ना, ते सगळे छातीठोकपणे सांगतात की वापरलेली चहापत्ती वाळवायची, फेव्हिकॉलवर भुरभुरवायची, की झाला जंगलातला पालापाचोळा तयार, खर्च शून्य. मी पण आठवडाभर आईच्या मागे लागून चहाचा चोथा जमवला, गच्चीत पेपरवर पसरून वाळवला, टाइलवर लावला आणि खरं सांगतो झकास दिसत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या खिंडीतून मुंग्यांची रांग चाललीये, एका टोकाने आत दुसऱ्या टोकाने बाहेर, एकदम शिस्तीत. मग डोक्यात प्रकाश पडला की त्यांचा चहा म्हणजे नुसती गरम पाण्यात बुडवून काढलेली पत्ती आणि आपला म्हणजे साखर, दूध, आलं सगळं एकत्र रटरट उकळलेलं प्रकरण, तो चोथा म्हणजे मुंग्यांना लग्नाचं जेवण. आई म्हणाली, "धुवून तरी घ्यायचास रे." हे तिने चोथा देताना सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तर ज्यांना हे काय चाललंय ते माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोटे छोटे रंगवलेले सैनिक मांडून, मोजपट्टी आणि फासे घेऊन लढाई खेळायची. बुद्धिबळासारखे घर नसतात, सहा इंच चाल असेल तर टेप लावून सहा इंच मोजायचे. मग डोंगर कुठे, नदी कुठे, झाडी कुठे याला फार महत्त्व येतं, कारण डोंगरामागे लपलेला माणूस दिसत नाही आणि चढावर चाल अर्धी होते. ही जी जमीन असते तिला आम्ही टेरेन म्हणतो. एक प्रकार म्हणजे सपाट चादर अंथरायची आणि वर सुटे डोंगर, सुटी झाडं ठेवायची, सोपं काम. दुसरा म्हणजे चौकोनी टाइल्स बनवायच्या, प्रत्येकीत जमिनीचा एक तुकडा, आणि त्या दर वेळी वेगळ्या जोडून वेगळा प्रदेश तयार करायचा. मी हा दुसरा उद्योग गेले दीड वर्ष करतोय.

ही आयडिया काही आजची नाही हां. १८१२ साली प्रशियाच्या राजाला, फ्रेडरिक विल्हेल्म तिसरा, त्याला गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थाने युद्धखेळाचं एक अख्खं टेबल बनवून दिलं होतं आणि त्यावर प्लास्टरच्या रंगवलेल्या चौकोनी टाइल्स होत्या, कशाही फिरवून लावा, नवा प्रदेश तयार. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी माझ्यासारखाच टाइलच्या कडा जुळवत बसला होता. पुढे त्याच्या मुलाने १८२४ मध्ये तो खेळ सरळ नकाशाच्या कागदावर आणला आणि तोच प्रशियाच्या सैन्यात चालला. शहाणा मुलगा. कागद कपाटात मावतो.

माझी सुरुवात मात्र राजाच्या टेबलावरून नाही, दिवाळीच्या किल्ल्यावरून. पुण्यात वाढलेल्या माणसाला टेरेन म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. विटा रचायच्या, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकायचं, वरून माती थापायची, अळीव नाहीतर मोहरी पेरायची की चार दिवसांत हिरवंगार, आणि मग कसब्यात कुंभारवाड्यातून मावळे आणायचे. आमच्या किल्ल्यावर महाराजांपेक्षा पहारेकरी मोठा असायचा आणि गुहेतला वाघ त्या दोघांपेक्षा मोठा, पण कुणाचं काही अडलं नाही. अडायचं ते एवढंच की तुळशीचं लग्न झालं की किल्ला फोडायचा. दरवर्षी जीव तुटायचा. बायकोचं म्हणणं असं की मी चाळिशीला आलो तरी तोच फोडलेला किल्ला परत बांधतोय. असेल.

पहिला सेट मी केला तो पूर्णपणे फसला, त्याबद्दल आधी बोलून घेऊ म्हणजे मन मोकळं होईल. मी म्हणलं टाइल मजबूत पाहिजे, म्हणून भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून ३ मिमीचं एमडीएफ कापून आणलं, त्यावर फेव्हिकॉल आणि वाळू. महिना जुलैचा. पुण्यात जुलैमध्ये फेव्हिकॉल वाळत नाही, तो नुसता विचार करत बसतो. चार दिवसांनी वाळला आणि वाळताना आकसला, फक्त वरच्या बाजूने, कारण खालची बाजू मी कोरीच ठेवलेली. परिणाम असा की सोळाच्या सोळा टाइल्स पुरीसारख्या वाकल्या. मधे पाणी घातलं असतं तर साठलं असतं. नंतर कळलं की खालच्या बाजूलाही तसाच एक हात मारायचा असतो म्हणजे दोन्हीकडून सारखा ताण बसतो, आणि एमडीएफ निदान साडेपाच मिमी तरी घ्यायचं. वजनदार पुस्तकांखाली दाबून ठेवल्या पण एकदा वाकलेली टाइल सरळ होत नाही, ती फक्त सरळ झाल्याचं नाटक करते.

म्हणून दुसऱ्या वेळी एमडीएफ बाद आणि फोम. फोम म्हणजे थर्माकोल नाही. थर्माकोल मोत्यांचा बनलेला असतो, कापला की घरभर पांढरे दाणे आणि ते झाडूला चिकटून झाडूबरोबर हिंडतात. आणि २०१८ च्या बंदीनंतर मखराचं वगैरे थर्माकोल बाजारात तसंही सरळ मिळत नाही, मिळालंच तर फ्रिज-टीव्हीच्या खोक्यातलं. आपल्याला पाहिजे तो एक्सपीएस, गच्चीवर उष्णता अडवायला जो इन्शुलेशनचा बोर्ड टाकतात तो, गुळगुळीत, घट्ट, ब्लेडने लोण्यासारखा कापला जातो आणि त्यावर बॉलपेनने रेघ ओढली तरी उमटते. मला जो मिळाला तो १२५० बाय ६०० मिमीचा, २५ मिमी जाड. आता हिशोब बघा. परदेशातले लोक टाइल एक फुटाची करतात, पण एक फूट म्हणजे ३०४.८ मिमी, आणि ६०० मधे दोन फूट बसत नाहीत, साडेनऊ मिमी कमी पडतात. मी सरळ ३०० मिमीची टाइल ठरवली. एका बोर्डात बरोब्बर आठ, आणि शेवटी ५० मिमीची पट्टी उरते ती कडेकपारींना कामाला येते. सहा फुटी टेबलावर सहा टाइल लावल्या की २९ मिमी कमी भरतात, कुणाला कळत पण नाही. फुटाचा हट्ट धरून अर्धा बोर्ड वाया घालवणारे लोक मी बघितलेत.

पण टाइल बनवायची कसली हा खरा प्रश्न. नेटवर जे दिसतं ते सगळं युरोपातलं, गोल गोल हिरव्या टेकड्या, मधे करडे गोटे, लाकडी कुंपण. मी तशा दोन बनवल्या पण. छान झाल्या आणि बघून काहीच वाटलं नाही. मग एका रविवारी मित्राबरोबर उंबरखिंडीला गेलो.

उंबरखिंड माहीत नसेल तर, खोपोलीच्या खाली पालीकडे जाताना चावणी गाव लागतं, तिथे. फेब्रुवारी १६६१. शाइस्ताखान पुण्यात बसलेला, त्याने कारतलबखानाला कोकणात पाठवलं, बरोबर माहूरची सरदारीण रायबागन. खान नेहमीचा बोरघाट सोडून लोणावळ्याच्या बाजूने कुरवंड्याच्या घाटाने उतरला, म्हणजे आज आपण ज्याला नागफणी म्हणून बघायला जातो त्याच्या बाजूने. खाली आला तर दोन्ही बाजूंना झाडीचे डोंगर आणि मधून एक अरुंद वाट, आणि वर महाराजांची माणसं. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. शेवटी रायबागनच्या सल्ल्याने शरण आला आणि सामानसुमान टाकून, खंडणी कबूल करून सुटला. तिथे आता स्मारक आहे. मी मात्र स्मारक कमी आणि डोंगर जास्त बघत होतो, मित्र म्हणाला, "तू लढाई बघायला आलायस का प्लास्टर करायला?"

तिथे उभं राहून एक गोष्ट टाळक्यात बसली. आपला सह्याद्री गोल नाहीये. तो थरांचा आहे. उभा काळा कातळ, मग एक उताराची गवताची पट्टी, परत उभा कातळ, परत पट्टी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले त्याचा हा प्रताप, भूगोलात आपण डेक्कन ट्रॅप म्हणून घोकलं होतं, आणि त्यातला ट्रॅप हा शब्द मुळात स्वीडिश भाषेतला, जिना या अर्थाचा. जिना! आणि माझ्याकडे घरी काय पडलंय तर २५ मिमीचे फोमचे थर. युरोपातले लोक बिचारे फोमचे थर एकावर एक चिकटवतात आणि मग पायऱ्या दिसू नयेत म्हणून तासन्‌तास घासत बसतात, वरून पुट्टी भरतात. मला घासायचंच नव्हतं. थर दिसलेच पाहिजेत. घरी येईपर्यंत मी गाडीत एक शब्द बोललो नाही.

तर खिंडीची टाइल अशी. खाली २५ मिमीचा फोम, तो म्हणजे खिंडीचा तळ. मधे एक थर, वर अजून एक थर, एकूण ७५ मिमी उंची. मधला थर मी खोक्यातल्या थर्माकोलचा केला कारण तो दिसत नाही, फक्त कड्याच्या दर्शनी बाजूला ती ५० मिमीची उरलेली पट्टी लावायची. टाइल ३०० मिमीची, त्यातली मधली १०० मिमी वाट, दोन्ही बाजूंना शंभर-शंभर डोंगर. वरचा थर थोडा मागे सरकवून लावायचा म्हणजे मधे एक बोटभर रुंदीची पायरी राहते, तिच्यावर गवत येतं आणि मावळेही उभे राहतात. उंचीचं म्हणाल तर सरळ सरळ फसवणूक आहे. आमचे सैनिक १५ मिमीचे, म्हणजे साधारण १:११० चं माप. त्या मापाने तीनशे मीटरचा डोंगर करायचा तर पावणेतीन मीटरचा होईल, फ्लॅटच्या छताला टेकायला आला. तळ सोडला तर वाटेपासून कडा ५० मिमी, म्हणजे जेमतेम तीन माणसं एकावर एक. पण डोळ्याला चालतं. दिवाळीतला वाघ चालला तसं.

आता येतो कडांचा विषय, आणि माझं मत असं की टाइल बनवणं म्हणजे नव्वद टक्के कडा बनवणं आहे, मधे तुम्ही काय कलाकुसर करता ते तुमचं तुम्ही बघा. किल्ल्याला कड नसते, तो जिथे संपतो तिथे अंगण सुरू होतं. टाइल संपते तिथे दुसरी टाइल सुरू होते आणि ती कुठली असेल ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणून वाट प्रत्येक कडेच्या बरोब्बर मधून निघाली पाहिजे, रुंदी तीच, उंची तीच, डावीकडचा उतार आणि उजवीकडचा उतार आरशात बघितल्यासारखा सारखा. मी पत्र्याचा एक साचा कापला, कडेचा आकार असलेला, आणि प्रत्येक कड त्याला लावून बघायची, नाही जुळली तर घासायची. कडेला एक सेंटीमीटर कलाकारी बंद. मधे काय वाटेल ते करा.

असं केलं की एक गंमत होते. चार कडा, आणि प्रत्येक कड एकतर खिंडीची नाहीतर बंद डोंगराची. नुसती फिरवून जी दुसरीसारखी होते ती मोजायची नाही असं ठरवलं तर किती प्रकार होतात? फक्त सहा. सगळीकडून बंद म्हणजे वरचा सडा, डोंगरमाथ्यावरचं सपाट पठार. एकच कड उघडी म्हणजे बंद घळ. समोरासमोर दोन उघड्या म्हणजे सरळ वाट, शेजारच्या दोन उघड्या म्हणजे वळण, तीन उघड्या म्हणजे फाटा, चारी उघड्या म्हणजे चौक. बास. हे सहा प्रकार कळले की जगातली कुठलीही खिंड मांडता येते. षटकोनी टाइल दिसायला देखणी असते पण तिथे हाच हिशोब १४ वर जातो आणि हाताने साठ अंशाचा कोन कापत बसायचं ते वेगळंच, त्यामुळे मी त्या वाटेला गेलो नाही. माझ्याकडे चार सरळ, चार वळणं, चार सडे, एक फाटा आणि एक घळ अशा १४ झाल्यात. पहिल्या बारांत तीन बाय चारचं टेबल भरतं आणि खिंड इंग्रजी एस अक्षरासारखी दोनदा वळसा घेते. सरळ वाट काढून तिथे फाटा लावला आणि शेजारी घळ, की दबा धरायला जागा तयार. चौक केलाच नाही, सह्याद्रीत खिंडीचा चौक कुठे बघितलाय.

टाइल्स खेळताना सरकू नयेत म्हणून कडेत लोहचुंबक बसवायचे, आणि इथे माझी अक्कल निघाली. मी आधी प्रत्येक कडेच्या मधोमध एकेक चुंबक लावला, दोन कडांना उत्तर बाहेर, दोन कडांना दक्षिण. चार टाइल्स होईपर्यंत सगळं छान. मग पाचवी लावायला गेलो तर ती चक्क लांब पळाली. फिरवली तर शेजारच्या कडेला चिकटेना. म्हणजे सगळ्या बाजूंनी जुळावी म्हणून एवढा साचा केला आणि चुंबकांनी पुन्हा सगळं एका दिशेला बांधून टाकलं. दोन दिवस डोकं धरून बसलो. उत्तर शेवटी भाच्याने दिलं, वय वर्षं अकरा. तो म्हणाला, "मामा, आपण दोघं समोरासमोर उभे राहिलो की माझा उजवा हात तुझ्या डाव्या हातासमोर येतो ना? मग प्रत्येक कडेला दोन लाव, डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण." मी त्याच्याकडे बघतच राहिलो. खरंच, टाइलमधून बाहेर बघताना डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण, सगळ्या टाइल्सना हाच एक नियम, मग कशाही फिरवा, समोरची डावी बाजू तुमच्या उजव्या बाजूसमोरच येणार. त्याला एक पिझ्झा लागू झाला. एका टाइलला आठ, १४ टाइल्सना ११२ चुंबक. प्रत्येकावर लावायच्या आधी नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा, उत्तरेला लाल वगैरे, कारण रात्री साडेअकराला सगळे चुंबक सारखे दिसतात. आणि एक गंभीर सूचना, लहान मुलं असतील तर हे चुंबक मोजून ठेवा आणि मोजून उचला, दोन गिळले गेले तर पोटात आतडी चिमटतात, दवाखान्याचंच काम.

चिकटवण्याबद्दल. फेव्हिकॉल चालतो, वाळायला वेळ घेतो पण चालतो. चुंबकांना मी अराल्डाइट वापरलं. फेव्हिक्विक फोमला लावू नका, फोम खातं. बुटाला लावतात तो पिवळा रबरी गोंद पण तसाच. आणि स्प्रे पेंट तर अजिबातच नाही. हे मला माहीत होतं, शंभर ठिकाणी वाचलेलं, तरी एकदा घाई झाली म्हणून गच्चीत नेऊन काळा स्प्रे मारला. डोळ्यांदेखत कडा वितळला, खड्डे पडले, फेस आल्यासारखं झालं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट फोमला विरघळवतं. पण कसं झालं की तो खड्ड्याखड्ड्यांचा फोम इतका हुबेहूब जांभ्या दगडासारखा दिसायला लागला की मी तो तुकडा फेकला नाही. उंबरखिंडीत त्याचा काही उपयोग नाही, तिथला दगड काळा. पण कधी रत्नागिरीकडचं काही करायचं झालं तर रीत सापडली आहे. बाहेर, मोकळ्या हवेत, तोंडाला मास्क लावून, आणि तापलेल्या तारेच्या कटरने कापतानाही खिडक्या उघड्या ठेवून, कारण तो धूर चांगला नसतो.

दगडाचा पोत आणायला अल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला बोळा फोमवर दाबून फिरवायचा, त्याने खरबरीतपणा येतो. मग कटरने उभ्या चिरा, अगदी सरळ नाही, कारण आपल्या कातळाला उभे तडे जातात आणि चौकोनी ठोकळे सुटतात. त्यावर पहिला हात काळ्या इमल्शनचा, त्यात एक तृतीयांश फेव्हिकॉल घालून, त्याने फोमला कवच बसतं, नाहीतर नख लागलं तरी खड्डा. हे इमल्शन म्हणजे भिंतीचाच रंग, छोटा पांढरा डबा आणि काळ्या, पिवळ्या, लाल स्टेनरच्या बाटल्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मिनिएचरचे, म्हणजे त्या छोट्या सैनिकांचे रंग जमिनीला वापरायचे म्हणजे अत्तराने फरशी पुसण्यातला प्रकार. काळ्यावर गडद राखाडी, त्यात चिमूटभर तपकिरी, मग ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट राखाडी फक्त कंगोऱ्यांवर घासायचा, याला ड्रायब्रश म्हणतात, आणि इथेच सगळी जादू होते. चपटा काळा फोम दहा मिनिटांत कातळ होतो. आणि एक बारीक गोष्ट, लाव्हाच्या दोन थरांमधे कधी कधी विटकरी रंगाची पातळ पट्टी दिसते, घाटात रस्ता कापलाय तिथे नीट बघा. मी दोन थरांच्या सांध्यावर गेरू पाण्यात कालवून ती रेघ ओढली. खेळायला येणाऱ्या चौघांपैकी एकालाही ती अजून दिसलेली नाही. मला दिसते.

आता गवत. मी आधी सगळं हिरवंगार करायला निघालो होतो, कारण सह्याद्री म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर पावसाळ्यातले फोटो येतात. तेवढ्यात लक्षात आलं की लढाई फेब्रुवारीतली. पावसाळ्यात कोण मोहिमेवर निघतं, दसऱ्याला सीमोल्लंघन आणि मग पुढे. फेब्रुवारीत घाटावरचं गवत वाळून सोन्यासारखं पिवळं झालेलं असतं, हिरवी राहते ती फक्त झाडी. इतका आनंद झाला काय सांगू, कारण पिवळं गवत म्हणजे लाकडाचा भुसा, टिंबर मार्केटमधे पिशवी भरून, रंगवायची पण गरज नाही. चाळणीने चाळून बारीक-जाड वेगळा केला, फेव्हिकॉलवर टाकला, वरून पातळ पिवळसर हात. उंच गवताला काथ्याच्या पायपुसण्याचे झुपके कापून रोवले. पायपुसणं नवीन घेतलं हे इथे स्पष्ट करतो, घरात शंका आहे. झाडांना भांडी घासायचा हिरवा स्क्रबर फाडून, खोडाला पिळलेली तार. बांबूची बेटं खराट्याच्या काड्यांची.

आणि थोडं खरं उभं गवत पाहिजे होतं म्हणून मच्छर मारायची रॅकेट. हा जुगाड जगभर करतात पण रॅकेट आपल्याइतकी घराघरात कुणाकडे असेल असं वाटत नाही. रॅकेटच्या जाळीला जाणारी एक वायर काढून चहाच्या स्टीलच्या गाळणीला जोडायची, दुसरी एका खिळ्याला, खिळा टाइलवरच्या ओल्या फेव्हिकॉलमधे खुपसायचा, गाळणीत नायलॉनचे बारीक तंतू घालून बटण दाबून हलवायचं. तंतू विजेच्या ओढीने उभेच्या उभे गोंदात रुततात, अंगावर काटा यावा तसे. पहिल्यांदा बघितलं तेव्हा टाळी वाजवली. दुसऱ्यांदा गाळणी आणि खिळा एकदम हातात धरला. माझ्याही अंगावर तसाच काटा आला. सेल काढल्यानंतरही आतला कपॅसिटर थोडा वेळ चार्ज असतो, त्यामुळे हे असलं विजेचं काम कळत नसेल तर करू नका, भुसा पुरतो.

नदीचं प्रकरण थोडक्यात. खिंडीतून आंबा नदी जाते म्हणून एका टाइलमधे पात्र खोदून रेझिन ओतलं, कडेला पॅकिंगची टेप लावून बांध घातला. बांध फुटला. सकाळी टाइल, पेपर आणि फरशी यांचं एकत्र कुटुंब झालेलं. मग परत तोच विचार, की बाबा फेब्रुवारीत नदीत पाणी असतं किती? पात्र कोरडं ठेवलं, चाळलेल्या वाळूत बारीक खडे, मधे दोन-तीन डबकी, त्यात क्लिअर वार्निशचे पाच हात, प्रत्येक हात वाळू देऊन. तारीख नीट वाचली की अर्धं सामान आणावंच लागत नाही, हे मला दीड वर्षाने कळलं.

पहिला डाव आम्ही खेळलो तो खानाच्या बाजूने मी, कारण टाइल्स माझ्या असल्या तरी फासे कुणाचे नसतात. बैलगाड्या, तोफा, घोडदळ सगळं दहा सेंटीमीटरच्या वाटेत कोंबलेलं, पुढची तुकडी थांबली की मागची तिच्यावर आदळते, आणि वर पायरीवर ते बोटभर मावळे. टेबल सपाट असतं तेव्हा संख्येचा जो काही धाक असतो तो या वाटेत पार निघून जातो, पुस्तकात वाचलेलं पण माझ्याच घोडदळाला फिरायला जागा मिळेना तेव्हा खरं कळलं. सातव्या फेरीत मी सामान सोडून बाहेर पडायची परवानगी मागितली. भाचा म्हणाला, "खंडणी?" अजून एक पिझ्झा.

ठेवायच्या कुठे हा प्रश्न आधी सोडवा आणि मग फोम आणा, हे उलट्या क्रमाने सांगतोय पण. १४ गुणिले ७५ म्हणजे एक मीटरच्या वर थप्पी. बेडच्या बॉक्समधे छोट्या छोट्या थप्प्यांत बसतात, मधे मधे आईच्या जुन्या सुती साड्यांच्या घड्या, नाहीतर कड्यांचे कंगोरे एकमेकांना घासून पांढरे पडतात. गाद्या-रजया माळ्यावर गेल्या. पाहुणे आले की रजई काढायला शिडी लागते आणि मग बायको पाहुण्यांना कारण सांगते, सविस्तर.

या दिवाळीत भाच्याने सोसायटीत किल्ला करायला घेतला. त्याने ठरवलं की किल्ला पण टाइलचा, चार पत्र्यांवर चार तुकडे, म्हणजे टँकर आला की उचलून बाजूला ठेवता येईल आणि तुळशीच्या लग्नानंतर फोडावा लागणार नाही. कडा साच्याने मोजल्या, वाट मधोमध, सगळं नियमाप्रमाणे, वर विटा, गोणपाट, माती, अळीव. दोन दिवसांनी टँकर आला. मी आणि वॉचमनकाका दोन बाजूंनी वाकलो, पत्रा चार इंच उचलला, मधे वाकला, आणि बुरूज महादरवाज्यासकट काकांच्या चपलेवर. टँकरवाला हॉर्न वाजवतोय, खालचा मावळा शोधायला भाचा चिखलात गुडघे टेकून बसलाय, आणि तिथूनच मला विचारतो, "मामा, तुझा फोम उरलाय का रे?"